आधी ऊन, मग अन्न

तिसरा दिवस. वाटीतला पाला तसाच सुकलाय, रातकिडे टँकच्या कोपऱ्यात निवांत गाणी म्हणतायत आणि तुमचा सरडोबा डोळे मिटून पडलाय. चिमट्यात अळी धरून नाकासमोर नाचवून झालं. ग्रुपवर विचारलं, तर वीस मिनिटांत अकरा सल्ले आले. एक म्हणतो केळं दे, दुसरा म्हणतो सिरिंजने भरव, तिसरा म्हणतो, ‘चिल, महिनाभर नाही खाल्लं तरी काही होत नाही यांना.’ आई दारातूनच सांगते, ‘‘नाटकं करतोय, भूक लागली की खाईल.’’ आणि तरी तुमच्या मनात पाल चुकचुकतेच.

ती चुकचुकायलाच हवी. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. कुत्रा जेवला नाही की आपण पहिल्यांदा त्याच्या ताटाकडे बघतो. सरडा जेवला नाही, तर आधी थर्मामीटरकडे बघायचं असतं. आपल्या भाषेने हे केव्हाच सांगून ठेवलंय. सरडा काय करतो? ऊन ‘खातो’. तेच त्याचं पहिलं जेवण. ते मिळालं नाही, तर दुसऱ्या जेवणाला तो तोंडही लावत नाही.

धाव काचेपर्यंत

आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातूनच उष्णता तयार करतं. बाहेर थंडी असो की कडक ऊन, आतला पारा साधारण ३७ अंशांवर टिकतो. सरड्याच्या शरीरात अशी शेगडी नाही. तो उब बाहेरून घेतो. शरीर पुरेसं तापलं तरच त्याचे पाचकरस नीट काम करतात, आतडी हलतात आणि भूक लागते. थंड पोटात गेलेलं अन्न पचत नाही, आतच कुजतं. म्हणून थंड पडलेला सरडा खात नाही, आणि ते त्याचं शहाणपण आहे.

अमेरिकेतल्या मायामीचं उदाहरण घ्या. तिथे लोकांनी पाळलेले आणि पुढे मोकाट झालेले इग्वाना झाडाझाडांवर आहेत. जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट येणार असं दिसल्यावर तिथल्या हवामान कार्यालयाने चक्क इशारा दिला होता, की झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर दचकू नका. गारठलेल्या इग्वानाची पकड सुटते आणि तो धपकन खाली येतो. मेल्यासारखा दिसतो, पण ऊन आलं की त्यातले बरेच पुन्हा चालू लागतात.

वसई-विरारला एवढी थंडी पडत नाही, हे खरं. पण मे महिन्यात रात्रभर २२ वर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये तुमचा टँक असेल, तर त्याच्यासाठी रोजच हिवाळा आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसून म्हणतो. बागेतला सरडा निदान कुंपणावर जाऊन ऊन तरी शोधतो. तुमच्या सरड्याची धाव काचेपर्यंत. उब, सावली, पाणी, लपायची जागा, सगळं तुम्ही द्याल तेवढंच.

आधी ओळख, मग आकडे

आपल्याकडे घरात प्रामुख्याने तीन पाहुणे दिसतात आणि तिघांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत. एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला की गडबड होते.

हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, झाडावर राहणारा आणि पाला खाणारा. त्याला ऊन खायची जागा ३५ अंशांच्या आसपास हवी आणि रात्रीही २४ च्या खाली नको. उंच जागा आणि दमट हवा हवी.

बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याच्या उन्हाच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश लागतो, टँकची दुसरी बाजू मात्र २५ च्या आसपास. लहानपणी तो मुख्यतः किडे खातो, मोठेपणी मुख्यतः पाला. त्यामुळे दीड वर्षाच्या ड्रॅगनने किड्यांकडे थोडं दुर्लक्ष केलं, तर लगेच घाबरायचं कारण नाही.

लेपर्ड गेको संध्याकाळी आणि रात्री जागा होणारा. त्याला उब पोटाखालून आवडते, जमिनीचा एक कोपरा ३१ ते ३३ अंशांचा हवा. पाल्याला तो ढुंकूनही बघत नाही, त्याला हलणारे किडेच लागतात. कॉलेजला जाताना सकाळी साडेसातला अळ्या ठेवल्या आणि ‘हा खातच नाही’ म्हटलं, तर चूक वेळेची आहे. त्याची जाडजूड शेपटी म्हणजे चरबीची तिजोरी. ती बारीक होत गेली, तर बचत संपत चाललीय असं समजा.

आता मोजायचं कसं? हात लावून ‘गरम वाटतंय’ हा पुरावा नव्हे. तारेचं टोक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि उन्हाच्या जागी, थंड बाजूला आणि रात्री, असं तीनदा मोजा. कोविडच्या काळात कपाळावर धरायची जी ‘गन’ घरोघरी आली, तिच्यावर विसंबू नका. ती माणसाच्या तापापुरती बनवलेली असते. दगड मोजायला वेगळी मिळते.

वसईचा पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोन गोष्टी एकदम घडतात. ऊन गायब होतं आणि हवा ओली चिंब होते. इग्वानाला ओलावा चालतो, पण ऊन नसल्याने तो मंदावतो. बिअर्डेड ड्रॅगनला दोन्हींचा त्रास. महिनोन्‌महिने दमट आणि गार टँकमध्ये राहिला, तर त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला घरघर, मान वर करून श्वास घेणं ही त्याची लक्षणं. ऊन खाताना ड्रॅगन तोंड उघडून बसतो, ते वेगळं. ते घाम पुसण्यासारखं आहे.

त्यात वीज. वसई-नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०१८ च्या पुरात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि अनेक भाग अंधारात राहिले. अशा वेळी हीटर आणि दिवे बंद, म्हणजे सरड्याची पचनशक्तीही बंद. म्हणून पावसाळ्यात वीज गेली की पहिला नियम, खाऊ घालू नका. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून टँकच्या एका बाजूला ठेवा, बाजूंना चादर लपेटा, हवा खेळती ठेवा. वीज आली, टँक तापला, तो स्वतः उन्हाच्या जागी जाऊन बसला, की मग अन्न. आधी भरलेलं पोट आणि नंतर बारा तासांचा गारठा, ही जोडी उपासापेक्षा जास्त धोक्याची आहे.

काचेतून आलेलं ऊन

‘अरे, पण माझा टँक तर खिडकीतच आहे!’ असं म्हणत असाल, तर थांबा. सरड्याला उन्हातून दोन गोष्टी मिळतात. एक उब आणि दुसरी यूव्हीबी किरणं. या किरणांमुळे त्याची त्वचा ड ३ जीवनसत्त्व तयार करते आणि त्याच्या जोरावर अन्नातलं कॅल्शियम हाडात जातं. खिडकीची काच ही किरणं जवळजवळ पूर्ण अडवते. उजेड आत येतो, यूव्हीबी बाहेरच राहते.

म्हणून इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगनला यूव्हीबीची खास ट्यूब लागते. तिची गंमत अशी, की ती पेटलेली दिसते, पण आतली यूव्हीबी कधीच उतरलेली असते. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेकदा सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावी लागते. हे राहिलं की हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटं थरथरतात. अशा सरड्याला भूक असते, पण चावताना दुखतं. तो अळीकडे बघतो, जवळ जातो आणि मागे फिरतो. तुम्हाला वाटतं, चव आवडली नाही.

गॅलरीत खरं ऊन देता आलं तर उत्तमच. पण जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून. कावळे, घारी आणि शेजारची मांजर यांचं लक्ष असतंच. काचेचा टँक मात्र उन्हात कधीही ठेवू नका. काही मिनिटांत त्याची भट्टी होते.

ताटात काय?

उब आणि उजेड जागेवर आहेत, तरी खात नाही? आता ताटाकडे वळू. पाला खाणाऱ्यांसाठी आपला पट्टा नशीबवान आहे. आगाशी, नंदाखाल, निर्मळच्या वाड्यांमध्ये जास्वंद आहे. जास्वंदीची फुलं आणि कोवळी पानं इग्वानाला बहुधा आवडतातच. तुतीची पानं, शेवग्याचा पाला, मेथी, किसलेला लाल भोपळा, बारीक चिरलेली फरसबी हेही चालतं. रंग महत्त्वाचा आहे. हिरव्या पाल्यावर जास्वंदीची लाल पाकळी ठेवली, की रुसलेला सरडाही अनेकदा मान वळवतो. फक्त फूल औषध न मारलेल्या झाडाचं हवं. बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही.

पालक रोज नको. त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आणि वसईची केळी कितीही गोड असली तरी तो त्याचा खाऊ आहे, जेवण नव्हे. केळ्याची सवय लागली की पाल्याकडे पाठ फिरते.

किडे खाणाऱ्यांसाठी सोपं माप आहे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. घरातली झुरळं पकडून देऊ नका, कारण पेस्ट कंट्रोलचं औषध त्यांच्यासोबत पोटात जातं. जूनमध्ये दिसणारे काजवे तर अजिबात नकोत. अमेरिकेत काजवा खाल्ल्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. आणि न खाल्लेले रातकिडे रात्रभर टँकमध्ये सोडू नका. भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्यालाच चावतात. मग तो किड्यांना घाबरतो आणि आणखी खात नाही.

उपास की आजार?

काही उपास नैसर्गिक असतात. नवीन घरात आलेला सरडा आठवडा-दोन आठवडे बिथरलेला असतो. त्याला रोज हातात घेऊन रील करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कात टाकताना भूक कमी होते. मोठे ड्रॅगन थंडीच्या महिन्यांत सुस्तावतात. विणीच्या काळात नर इग्वानाचं लक्ष जेवणात नसतं. आणि मादी नराशिवायही अंडी धरते. पोट फुगलंय, खात नाही, पण सारखी उकरतेय, तर तिला ओलसर मातीचा खोल डबा द्या. तिला अंडी घालायला जागा मिळाली नाही आणि ती आत अडकली, तर जीवावर बेततं.

मग फरक कसा ओळखायचा? काट्यावर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वर एक डबा, दर रविवारी वजन, आणि वहीत नोंद. (सरड्याला किंवा त्याच्या वस्तूंना हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकात नको. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.) वजन टिकून आहे, डोळे टपोरे आहेत, हालचाल आहे, तर थोडं थांबता येतं. वजन दहा टक्क्यांनी घटलं, डोळे खोल गेले, शेपटीचं हाड दिसू लागलं, तोंडात पिवळट पू दिसला, शी पातळ किंवा पूर्ण बंद झाली, पाय ओढत चालतोय, तर तो उपास नव्हे. पिल्लू असेल तर तीन-चार दिवससुद्धा खूप झाले.

सिरिंज खाली ठेवा

इथे सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती प्रेमापोटी होते. जबडा उघडून घास भरवणं. हाडं मऊ असतील तर जबडा मोडतो. पातळ अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर तेच त्याला मारू शकतं. नळीने भरवायची वेळ कधी कधी येते, पण ते डॉक्टरांनी शिकवल्यावर, त्यांनी सांगितलेल्या मापाने.

घरी तुम्ही काय करू शकता? टँकचं तापमान नीट करा. कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आसपासच्या उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा. पाणी खांद्याच्या वर नको आणि तुमची नजर फोनवर नको. पाण्याने अंगातला कोरडेपणा कमी होतो आणि पोटही हलतं. लपायला अंधारी जागा द्या. टँकच्या तीन बाजूंना कागद लावा. दोन दिवस त्याला एकटं सोडा. बरेच सरडे एवढ्यावरच जेवू लागतात.

नाही जेवला, तर डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरडे तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर कुठे आणि कोणत्या दिवशी भेटतील, याची चौकशी तिथून सुरू करता येते. सोबत तापमानाची वही, टँकचा फोटो आणि ताज्या शीचा नमुना न्या. पोटातल्या जंतांचं निदान बऱ्याचदा त्या छोट्या डबीतून होतं. आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये डबा घेऊन चढायचा विचारही करू नका. मित्राची गाडी किंवा चौघांत मिळून टॅक्सी, आणि प्रवासात एसी बंद.

‘पण कागद नाहीत…’

बऱ्याच सरड्यांचा जीव इथे जातो. दुकानदाराने बिल दिलं नाही, घरी किंमत खोटी सांगितलेली, कायद्याची धास्ती, म्हणून डॉक्टरकडे न्यायचं टाळलं जातं.

कायदा काय म्हणतो ते स्वच्छ बघू. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी त्यामुळे बंधनकारक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, आणि नव्याने प्राणी ताब्यात आला तर मुदत ३० दिवसांची आहे. ती चुकली असेल, तर लपवत बसण्यापेक्षा घरच्यांना सांगा आणि त्यांना सोबत घेऊन वनविभागात विचारा. आजारी प्राण्याचे उपचार मात्र त्या कागदासाठी अडवून ठेवू नका.

आणि हे प्राणी येतात कसे, तेही माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईच्या एअर कार्गोमध्ये मासे म्हणून आलेली खोकी तपासली. आत ६६५ परदेशी प्राणी होते. कासवं, साप, सरडे, इग्वाना. त्यातले शंभरहून जास्त मेलेले होते. असा प्रवास करून दुकानात पोहोचलेलं पिल्लू तहानलेलं, घाबरलेलं आणि अनेकदा जंतांनी पोखरलेलं असतं. ‘घरी आणल्यापासून खातच नाही’ या तक्रारीचं मूळ कधी कधी त्या खोक्यात असतं.

घोरपडीचं तर बोलूच नका. ती आपली, इथली आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली आहे. घरात ठेवली तर तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. जखमी सापडली, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

तुंगारेश्वरला सोडून येऊ?

कंटाळा आला, परीक्षा आली, इग्वाना पाच फुटांचा झाला, की हा विचार डोकावतो. जंगल जवळ आहे, झाडं आहेत, सुटेल बिचारा. टँकमध्ये वाढलेला आजारी सरडा बहुधा काही दिवसांत मरेल. आणि जगला, तर ते जास्त वाईट. मायामीच्या झाडांवरून पडणारे इग्वाना असेच कुणीतरी ‘सोडलेले’ होते. आज तिथे ते बागा फस्त करतात, बिळं करून बांध पोखरतात. तुंगारेश्वर अभयारण्यातल्या सरड्या-घोरपडींना तुमच्या टँकमधला आजार भेट देऊ नका. सांभाळणं जमत नसेल, तर वनविभागाशी बोला.

इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, गेकोही तितकाच. आज एफवायला असलात, तर तुमची नोकरी, कदाचित लग्न, कदाचित दुसरं शहर, हे सगळं त्याच्या आयुष्यात घडणार आहे. तो भुंकून, म्याव करून काही सांगणार नाही. त्याच्याकडे तक्रार करायची एकच पद्धत आहे, न जेवणं. ती ऐकायला शिका.

टँकवर चिकटवा

- जेवत नाही? आधी तापमान, मग यूव्हीबी, मग ताट.
- वीज गेली की उब द्या, अन्न नको.
- काचेतून आलेलं ऊन मोजू नका.
- दर रविवारी वजन. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर.
- जबरदस्तीने भरवणं बंद.
- कागद अपुरे असले तरी उपचार थांबवू नका.
- जंगलात सोडणं म्हणजे सुटका नव्हे.